मासे, इतर

मी सभेत बोलत नाही. मी सभा लिहिते.
सव्वा अकराची सभा बारा दहाला सुरू झाली
हे लिहायचं नसतं.
गणपूर्ती झाली होती, हे लिहायचं.

विषय: नदीकाठची तीनशे एक्केचाळीस झाडं,
त्यांच्या जागी भिंत, पायवाट, दिवे,
दिव्यांसाठी सौरपट्ट्या,
आणि पट्ट्यांवर सावली नको
म्हणून वाढीव बावीस झाडं.

पहिली हरकत श्री. यशोधन आगटे, प्रभात रोड:
जाहीर सूचनेत ‘पुनर्रोपण’ चुकीचं छापलंय,
रफार राहिलाय.
टाळ्या. अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली.
दिवसभरातली ती एकच.

मग डॉ. तरन्नुम बागवान,
चाळीस वर्षांच्या रात्री मोजून आणलेल्या.
पडद्यावर लाल रंग हडपसरहून निघाला,
स्वारगेट ओलांडलं,
सिंहगड रस्त्यानं आमच्या धायरीपर्यंत आला.
मी माझी गल्ली शोधली. सापडली.
लिहिली नाही.

मागून कुणीतरी: “मग काय, परत चुली पेटवायच्या?”
हशा.
हशा कंसात लिहितात.

वृंदा सोनटक्के उठल्या, खराडी, बारावा मजला.
वडिलांचं ऑक्सिजनचं यंत्र, टँकरचं पाणी वर चढवणारा पंप, लिफ्ट.
“कोळसा म्हणा, अणू म्हणा, वारा म्हणा,
मला रात्री दोनला वीज लागते.”
त्यांच्या विरोधात कुणी बोललं नाही.
बाजूनंही नाही.
त्या बराच वेळ उभ्याच होत्या,
पर्स छातीशी धरून,
जणू आणखी एक वाक्य यायचं राहिलं होतं.

मग वीज गेली. खरंच गेली.
आवारात जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, लागला.
डिझेलचा वास खिडकीतून आत आला
आणि पुढच्या रांगेत बसला,
राखीव खुर्चीवर.

शेवटी रघुनाथ परदेशी. व्यवसाय, भोई.
पत्ता? “नदीकाठ.”
घर क्रमांक? “पुरागणिक बदलतो, बाई.”
निवेदन नव्हतं त्यांच्याकडे.
त्यांनी नुसती नावं घेतली,
एकेक, जाळं हातावर आवरत यावं तशी:
मरळ. वांब. शिंगटा. खवली.
मळ्या. कानस. कोळशी.
मग थांबून, “आता चिलापी.”
आणि बसले.

अध्यक्ष म्हणाले, “मुद्दा काय तुमचा?”
“झाला की,” परदेशी म्हणाले.

मी पेन उचलून धरलं.
शिंगटा, शि पहिली की दुसरी?
एवढं भरलेलं पुण्यातलं सभागृह
आणि सांगायला एक माणूस नाही.
आगटेसुद्धा पंख्याकडे बघत होते.

साहेब कानाशी वाकले:
“मासे, इतर. असं टाका.”
टाकलं.

निर्णय: विषय पुढील सभेत.
आभारप्रदर्शन. चहा, कागदी कपातून,
कारण प्लास्टिक बंद आहे;
कपाला आतून प्लास्टिकच असतं
असं बागवान बाई हळूच म्हणाल्या, आणि प्यायल्या.
मीही प्यायले.

रात्री धायरीत तेहतीस.
मे महिन्यात हप्त्यांवर घेतलेला एसी लावला
तेव्हा कुठे सुहृद झोपला.
त्याची गरम हवा शिर्क्यांच्या खिडकीत जाते.
त्यांनी अजून तक्रार केलेली नाही,
खिडकी लावून घेतात.

मी बिलाच्या पाठीवर नावं उतरवली,
विसरायच्या आत, सातही.
शिंगटा दोन्ही तऱ्हांनी लिहिला.

सकाळी सुहृदनं दूध पिता पिता कागद ओढला.
बोट ठेवून वाचत गेला. तिसरीत आहे,
जोडाक्षरं येतात, नवे शब्द अडतात.
मरळ आलं. वांबला हसला.
शेवटच्या ओळीला म्हणाला, कोळसा.

मी म्हटलं, नीट बघ.
त्यानं कागद उलटा केला, आकडे पाहिले,
परत सुलटा केला.
“कोळसाच,” म्हणाला.